एका कागदाचे पुस्तक

पुस्तक काढायचे म्हटले की छापखाना आणि पैसा डोळ्यांपुढे उभा राहतो. मी ज्या पुस्तकाविषयी सांगणार आहे, त्याला एक कागद आणि एक कात्री पुरते. कागदाला एकावर एक तीन घड्या घालून उलगडला की आठ चौकोन दिसतात. मग तो अर्धा दुमडून दुमडीच्या कडेकडून मध्यापर्यंत एकच चीर द्यावयाची, आणि उभा मोडून दोन्ही टोके आत ढकलावयाची. आठ पानांची पुस्तिका तयार! इंग्रजीत तिला 'झीन' म्हणतात. अमेरिकेत विज्ञानकथांच्या शौकिनांच्या हौशी अंकांना १९४० साली 'फॅनझीन' हे नाव पडले, त्याचेच हे शेपूट. आपल्याकडे शाळांची हस्तलिखिते होती आणि युनियनची सायक्लोस्टाईल पत्रके होती, जात तीच.

लालबाग-परळमधील चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांकडून मी सुट्टीत अशा पुस्तिका करवून घेतो. विषय एकच, आपल्या वस्तीतले काम. पहिल्या दिवशी मी नारायण मेघाजी लोखंडे सांगतो: १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना काढली, १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळाली. मुले निमूटपणे लिहून घेतात आणि घरून भलतेच घेऊन येतात.

ते भलतेच मोलाचे असते. एका मुलाने आजीची खाणावळ आणली. किती गडी जेवत, भाकऱ्या किती, संपात उधारी कोणाची राहिली, सारे चित्रांसकट. प्रेमा पुरव यांनी अशा बायकांसाठी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, हे मला ठाऊक होते. पण कामगार मोजताना या बायका माझ्या हिशेबात कधी आल्या नव्हत्या. तारखा पुस्तकांत पाहाव्यात, भाकरीचा भाव आजीलाच विचारावा.

आणि एक पान मी जवळजवळ फाडले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला संप सुमारे अडीच लाख कामगारांचा. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मी तेव्हा बारा वर्षांचा. माझे वडील पुन्हा गिरणीत गेले नाहीत. एका मुलीने काढले होते ते तिचे आजोबा, पहाटे, डबा पिशवीत लपवून कामावर जाणारे. मी म्हणालो, "बाळ, हे राहू दे." ती म्हणाली, "काका, मग ही गोष्ट फक्त तुमच्या बाबांचीच का?"

मला उत्तर सुचले नाही. मी एवढेच म्हटले की आजोबांना विचारल्यावाचून छापू नकोस, आणि ते का गेले तेही विचार. घरात धाकटी मुलगी आजारी होती, औषधाला पैसे नव्हते. आजोबा म्हणाले, छाप, पण नाव नको.

झेरॉक्सच्या दुकानात तीस प्रती निघाल्या. आजोबांनी दोन मागून घेतल्या. दुसरी कोणाला दिली, ते त्यांनी सांगितले नाही.