रडर वाढवला, बॅटरी पुढे सरकली

विमान बिघडेल ते हवेत, अशी आपली समजूत असते. घरी बांधलेल्या विमानाची पहिली परीक्षा मात्र जमिनीवरच होते. पुण्यातल्या सूसमध्ये शेजारच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने फोमचे रिमोटवरचे विमान बांधले, तेव्हा हे जवळून पाहायला मिळाले. पंखांचा विस्तार 1 मीटर, रुंदी 20 सेंटीमीटर. पुढे दोन चाके, शेपटीखाली एक. थ्रॉटल दिला की ते डावीकडे ओढ घ्यायचे आणि गवतात शिरायचे.

"काका, मोटर ठीक आहे. शेपटी कमी पडतेय," तो म्हणाला.

मागून पाहिले तर पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याची हवा धडाभोवती पीळ घेत मागे जाते आणि उभ्या फिनवर डावीकडून आदळते. शेपटी उजवीकडे ढकलली जाते, नाक डावीकडे वळते. शेपटी खाली असेपर्यंत पंख्याचे उजवीकडून खाली येणारे पातेही जास्त जोर लावते. त्यात मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या पुढे. एकदा वळायला लागलेले विमान आणखीच वळते.

फिन आणि रडर मिळून क्षेत्रफळ होते 100 चौरस सेंटीमीटर. त्याने ते 140 केले, पण वाढवला फक्त हलणारा रडर. स्थिर फिन मोठी केली असती तर बाजूच्या वाऱ्याने विमान जमिनीवरच फिरण्याचा धोका वाढला असता. फोम कापून त्याने सांध्याची कड तिरकी तासली, हिंज टेप लावली, रडर हलवणाऱ्या सर्वो मोटरची तार रडरच्या हॉर्नमध्ये अडकवली. रडर दोन्ही बाजूंना सारखा वळतो ना, हे पट्टी धरून मोजले.

मग वजन. फोम, टेप, गोंद, तार मिळून शेपटीत 4 ग्रॅम वाढले. गुरुत्वमध्यापासून शेपटी 50 सेंटीमीटर मागे, म्हणून 100 ग्रॅमची बॅटरी 2 सेंटीमीटर पुढे सरकवावी लागली. ही भरपाई चुकली असती, तर विमान जमीन सोडताच नाक वर करून पडण्याचा धोका होता.

ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर जागा तपासून आम्ही माळावर गेलो. थ्रॉटल हळूहळू, रडर किंचित उजवीकडे. विमान सरळ धावले, शेपटी उचलली आणि चाके सुटली.

राइट बंधूंनीही 1902च्या ग्लायडरची स्थिर दुहेरी शेपटी काढून एकच हलता रडर बसवला होता. घरी बांधलेली मोठी विमानेही उडतात: मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले सहा आसनी विमान 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून उडाले. विमान लहान असो वा मोठे, शेपटीचा नियम तोच. घरी विमान बांधणाऱ्यांनी एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर गुरुत्वमध्य पुन्हा तपासावा.