शेवटचा क्षण आणि आधी आखलेली मर्यादा

पर्युषणात चौदा स्वप्नांची बोली चालते, तेव्हा चढावा घेणारा कोणी आहे तोवर ती मिटत नाही. ‘ईबे’वरील लिलाव मात्र ठरल्या सेकंदाला संपतो. म्हणून तेथे एक युक्ती रूढ झाली: अखेरपर्यंत मौन पाळावे आणि प्रतिस्पर्ध्याला विचारास अवधी न देता बोली लावावी.

अर्थतज्ज्ञ ॲल्विन रॉथ व ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली या युक्तीचे मर्म दाखविले. ॲमेझॉनच्या त्या काळच्या लिलावांत शेवटच्या बोलीनंतर १० मिनिटे शांततेत गेल्याखेरीज व्यवहार मिटत नसे. तेथे उशिराच्या बोली ईबेहून पुष्कळ कमी आढळल्या. आपल्याकडे बँकांच्या मालमत्ता-लिलावांतही अखेरीस बोली आली की बहुधा काही मिनिटांची मुदतवाढ मिळते. तेव्हा विक्री-सूचनेतील समाप्तीचा नियम आधी वाचावा.

ईबेवर आपली कमाल रक्कम एकदाच नोंदविता येते. प्रत्यक्ष किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून फार तर एका टप्प्याने अधिक पडते. ज्याची कमाल रक्कम मोठी, त्याला शेवटच्या सेकंदाची बोलीही हरवू शकत नाही. उशिराची बोली फळते ती ईर्ष्येने पायरी-पायरी चढणाऱ्यांविरुद्ध. इंटरनेट मंदावले तर तीही हुकते.

परिग्रह-परिमाण व्रत घेणारा श्रावक मर्यादा मोहाच्या क्षणी नव्हे, त्याआधी ठरवितो. लिलावातही मोल, खर्च व नफा मांडून आकडा आधीच वहीत लिहावा. तो ओलांडून मिळविलेला माल जिंकल्यासारखा वाटतो, पण खात्यात तोटाच लिहून जातो.