तराजूचे पारडे आधीच हलके असेल तर?

अमुक खाल्ल्याने कर्करोग होतो, तमुक प्यायल्याने हृदय बळकट होते, अशा बातम्या आपण नेहमी वाचतो. त्या वाचून कोणी चहा सोडतो, तर कोणी डॉक्टरांना न विचारता गोळ्याच बंद करतो. म्हणूनच प्रामाणिक संशोधनातही चूक कुठून शिरते, हे आज सांगावेसे वाटते.

अमेरिकेत १९८१ साली हार्वर्ड विद्यापीठाचे ब्रायन मॅकमॅहन व त्यांचे सहकारी यांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ३६९ रुग्णांची पाहणी केली. तुलनेसाठी हा कर्करोग नसलेले ६४४ रुग्ण घेतले. कर्करोगाच्या रुग्णांत कॉफी पिणारे जास्त निघाले आणि कॉफीवर ठपका आला.

खोट तुलनेच्या गटात होती. हे रुग्ण बऱ्याच अंशी त्याच डॉक्टरांकडचे, म्हणजे पुष्कळसे पोटाच्या तक्रारींचे होते. पोट बिघडलेला माणूस कॉफी कमी करतोच! एक पारडे आधीच हलके होते. म्हणून दुसरे जड दिसले. याला निवडीचा दोष म्हणतात. त्याच संशोधकांना १९८६ मध्ये हा संबंध पहिल्याइतका ठळक आढळला नाही.

दुसरा दोष आठवणीचा. बाळात जन्मजात व्यंग असले, की आई गरोदरपणात घेतलेली एकेक गोळी आठवून सांगते. ज्या आईचे बाळ धडधाकट आहे, ती तेच विसरून गेलेली असते. गोळ्या दोघींनी सारख्याच घेतलेल्या असल्या, तरी कागदावर फरक उमटतो.

तिसरा दोष आरोग्याबाबत जागरूक माणसांचा. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हृदयविकार कमी दिसे. पण या स्त्रिया बहुधा सुस्थितीतल्या, प्रकृतीला जपणाऱ्या होत्या. पुढे अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून चाचणी झाली. हृदयाला लाभ दिसला नाही, उलट स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढला. २००२ मध्ये ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

माणसांची संख्या वाढवून हे दोष जात नाहीत. खोटा तराजू शंभरदा वापरला, तरी वजन खोटेच येणार. म्हणून पुढची बातमी वाचताना तीन प्रश्न विचारा: तुलना कोणाशी केली? माहिती नोंदींवरून घेतली की आठवणीवरून? आणि दोन्ही गटांतली माणसे मुळात सारखी होती का? उत्तरे मिळेपर्यंत निदान चालू असलेले औषध तरी आपल्या मनाने बंद करू नका.