उन्माद, विषाद आणि घरचें बोलणें

एखादा मुलगा रात्र रात्र झोपेवांचून बडबडतो, पुढें आठवडेच्या आठवडे मूक बसतो. सूरजागडच्या पाड्यांतच काय, शहरांतही अशा वेळीं घरांत बहुधा 'बाधा' हाच शब्द निघतो. वस्तुतः हा द्विध्रुवी मनोविकार असूं शकतो. आईबापांपैकीं एकास तो असल्यास अपत्यास जडण्याचा संभव वाढतो. परंतु संभव म्हणजे विधिलिखित नव्हे.

अमेरिकेंत डेव्हिड मिक्लोविट्झ यांनीं अशा मुलांकरितां कुटुंबास बरोबर घेणारी उपचारपद्धति रचिली. चार महिन्यांत बारा बैठकी: विकाराची ओळख, टोमणे न मारतां बोलणें, तंट्यांतून मार्ग काढणें. ९ ते १७ वर्षांच्या १२७ मुलांवरील अभ्यास २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत निम्म्या मुलांस पुढील झटका येण्यास ८१ आठवडे लागले. कमी बैठकींच्या गटांत ६३.

मग मेंदूंत काय घडतें? कपाळामागील भाग लगाम धरितो. आंत खोलवर बदामाच्या आकाराचा भाग भय व क्रोध चेतवितो. उपचारापूर्वीं व नंतर चुंबकीय यंत्रानें मेंदू पाहिला, तेव्हां ज्यांचीं लक्षणें ओसरलीं त्यांच्यांत कपाळामागील भागाचें कार्य वाढलेलें दिसलें. मुलें थोडीं होतीं, हें मात्र ध्यानांत ठेवावें.

तेव्हां पालकहो, 'नाटकें करतोस' म्हणण्याआधीं झोप किती झाली तें विचारा. डॉक्टरांनीं दिलेलें औषध मात्र बंद करूं नका. रान ओलांडून नागपूरचें मनोरुग्णालय गांठणें कठीण. परंतु १४४१६ या क्रमांकावर सरकारी 'टेलिमानस' सेवा २०२२ पासून विनामूल्य चालते. तेथें मराठींत बोलतां येतें. माडिया बोलणाऱ्या आजीकरितां दुभाषा नातवासच व्हावें लागेल.