लेकराच्या ओठावर ताप उतलाय?

“दोन दिवस झाले, लेकरू काहीच खाईना. दात येत असतील म्हणून थांबलो.” पाटोद्यात ओपीडीला बसलो की हे वाक्य हमखास कानावर येते. तोंड उघडून पाहावे, तर हिरड्या लालभडक, सुजलेल्या. जिभेवर आणि ओठांच्या आत बारीक फोड. सोबत ताप, सतत गळणारी लाळ, गळ्याला गाठी. दात येताना असे होत नाही. हा बहुधा ‘हर्पिस सिम्प्लेक्स’ विषाणूचा पहिला संसर्ग असतो. तो बहुतेकदा सहा महिने ते पाच वर्षे या वयात होतो आणि एक-दोन आठवड्यांत बरा होतो.

विषाणू मात्र शरीर सोडत नाही, चेहऱ्याच्या नसांमध्ये दबून राहतो. पुढे ताप, सर्दी, थकवा किंवा कडक ऊन लागले की पुन्हा डोके वर काढतो. यालाच आपण ‘ताप उतला’ म्हणतो. आधी ओठाच्या कडेला मुंग्या येतात, आग होते. मग पाणी भरलेल्या फोडांचा झुपका उठतो, फुटतो, खपली धरते. ७ ते १० दिवसांत डाग न राहता बरे होते.

ओठांच्या कोपऱ्यात नुसत्या चिरा असतील, किंवा मधासारखी पिवळी खपली पसरत असेल, तर आजार वेगळा असू शकतो; दाखवून घ्या.

घरी काय करावे? थंड पाणी, ताक, पातळ पेज थोडी थोडी द्या. तिखट, आंबट नको. तापासाठी वजनानुसार पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन मुळीच नको. फोडांवर चुना किंवा टूथपेस्ट लावू नका. लेकराचा पेला, टॉवेल वेगळा ठेवा. फोडाला लागलेले हात डोळ्याला लागू देऊ नका.

सहा-आठ तास लघवी नाही, मूल मलूल आहे, डोळा लाल झाला आहे, अंगावर इसब आहे किंवा फोड पसरत आहेत, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. विषाणूविरोधी औषध लवकर सुरू केले तरच त्याचा चांगला उपयोग होतो.

शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. महिन्याच्या आतल्या बाळाला हा संसर्ग जिवावर बेतू शकतो. तेव्हा बारशाला जाताना स्वतःचा ओठ उतलेला असेल, तर बाळाला लांबूनच पाहा, मुका घेऊ नका. घरच्यांनीही पाहुण्यांना तसे सांगायला संकोच करू नये. पाहुण्याचा रुसवा दोन दिवसांत जाईल.