दहा तासांचा दिवस

१९५७ सालीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मागोमाग शेर-मणांच्या जागीं किलो आले, तेव्हां घरोघरच्या वडील मंडळींनीं कपाळास आठ्या घातल्या. मुलांचे हिशेब मात्र सोपे झाले. मग घड्याळाचे चोवीस आणि साठ तेवढे कोणीं मोडले नाहींत, असें एखादा चौकस विद्यार्थी आम्हांस विचारील. ते मोडण्याचा प्रयत्न एकदां झाला आहे, आणि तोही कायद्यानें!

राज्यक्रांतीच्या ऐन भरांत, १७९३ सालीं, फ्रान्सच्या राष्ट्रसभेनें मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतच्या दिवसाचे दहा तास, तासाचीं शंभर मिनिटें व मिनिटाचे शंभर सेकंद ठरविले. ऐन मध्यान्हीं पांच वाजावयाचे. नवा तास आपल्या १४४ मिनिटांचा, म्हणजे बरोबर सहा घटकांचा होता. घटका चोवीस मिनिटांची, हें पंचांग पाहणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. लोकांचा गोंधळ होऊं नये म्हणून कांहीं कारागिरांनीं एकाच तबकडीवर जुने व नवे दोन्ही आंकडे घातले. लाप्लासासारख्या थोर गणितज्ञानें आपलें घड्याळ नव्या पद्धतीचें करून घेतलें. परंतु लाप्लास गांवोगांव नसतात.

याच कालगणनेंत आठवड्याच्या जागीं दहा दिवसांचें दशक आलें. गणित सुटसुटीत झालें खरें. पण कष्टकऱ्याची सातव्या दिवसाची विश्रांति दहाव्या दिवसावर गेली. ही सुधारणा त्याच्या गळीं कशी उतरावी?

७ एप्रिल १७९५ च्या ज्या कायद्यानें मीटर व ग्राम यांस आजचीं नांवें मिळालीं, त्याच कायद्यानें दशमान तासाची सक्ती तहकूब झाली. आमच्या मतें यांत विसंगति नाहीं. वजनें-मापें गांवागणिक निराळीं होतीं आणि त्यांत गरीब गिऱ्हाईक नाडलें जाई. तेथें एकच माप हा त्याचा आधार होता. दिवसाचे चोवीस तास मात्र सर्वांस आधींच ठाऊक होते. एकही तंटा न मिटतां घरोघरचें चालतें घड्याळ तेवढें निकामी व्हावयाचें, आणि त्याचा भुर्दंड ज्याच्या त्याच्या खिशास!

१८९७ सालीं फ्रान्समध्यें पुन्हां एक समिति बसली. प्रसिद्ध गणिती प्वांकारे तिचे चिटणीस होते. चोवीस तास राखून तासाचीं शंभर मिनिटें करावीं, अशी तडजोड निघाली. पण भौतिकशास्त्राचीं कित्येक परिमाणें जुन्या सेकंदावर उभीं होतीं. १९०० सालीं तीही योजना बारगळली. पुढें १९९८ सालीं स्वॉच या स्विस घड्याळ कंपनीनें दिवसाचे हजार भाग करून पाहिले. त्यांतला एकेक भाग ८६.४ सेकंदांचा, म्हणजे क्रांतिकाळच्या मिनिटाएवढाच. त्याचाही व्यवहारांत उपयोग फारसा कोणीं केला नाहीं.

ज्योतिर्विदांचें मात्र दशमानावांचून आजही चालत नाहीं. ते इसवी सनापूर्वी ४७१३ पासूनचे दिवस ओळीनें मोजतात आणि उरलेली वेळ दिवसाच्या दशांश अपूर्णांकांत लिहितात. आपल्या जुन्या गणकांचा अहर्गण याच जातीचा. फक्त दिवसाच्या पोटांतले भाग ते घटका-पळांत मोजीत.