गोवर, आहार आणि ‘अ’ जीवनसत्त्व



एखादे मूल वारंवार गैरहजर राहू लागले म्हणजे आपण हजेरीपटावर खूण करतो आणि पालकांच्या अनास्थेला दोष देऊन मोकळे होतो. परंतु त्या खुणेमागे पुष्कळदा आजार असतो आणि आजारामागे अपुरा आहार असतो. या दोहोंचा संबंध कसा जुळतो, हे गोवराच्या उदाहरणावरून येथे सांगावयाचे आहे.

अन्नापासून शरीर घडविणे व साठा करणे हा ‘चय’. साठा मोडून शक्ती मिळविणे हा ‘अपचय’. या दोन्ही क्रिया मिळून चयापचय होतो. निरोगी वाढत्या मुलात चयाची बाजू वरचढ असते. ताप येताच हे पारडे फिरते. शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की शक्तीचा खर्च सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. नेमकी त्याच वेळी भूक मंदावते. मग शरीर स्वतःचे स्नायू मोडून गरज भागविते. रोगाशी झुंजणारी प्रतिद्रव्येही प्रथिनांचीच बनलेली असल्यामुळे प्रथिनांची मागणी दोन्हीकडून वाढते. ज्याच्या अंगी शिल्लक आहे, ते मूल यातून तरून जाते. जे आधीच कृश आहे, त्याच्यापुढे दुष्काळात तेरावा महिना उभा राहतो.

आता ‘अ’ जीवनसत्त्वाकडे वळू. अंधुक प्रकाशात दिसावे म्हणून ते लागतेच. शिवाय डोळे, श्वासमार्ग व आतडी यांचे ओलसर अस्तर त्याच्यामुळेच धड राहते. हे अस्तर म्हणजे रोगजंतूंना अडविणारी पहिली भिंत होय. या जीवनसत्त्वाचा साठा यकृतात असतो आणि तेथून ते रक्तात वाहून नेण्यास एक विशिष्ट प्रथिन लागते. म्हणून पालेभाजीच्या जोडीला डाळ, दूध वा अंडे हवेच.

गोवराचा विषाणू याच अस्तरावर घाला घालतो आणि रक्तातील ‘अ’ जीवनसत्त्वही झपाट्याने उतरते. भिंत खचली की न्यूमोनिया, अतिसार आणि डोळ्यातील व्रण यांना वाट मिळते. पूर्वी होऊन गेलेल्या रोगांविरुद्ध शरीराने मिळविलेली प्रतिकारशक्तीदेखील गोवर बऱ्याच अंशी पुसून टाकतो, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. १९९० साली दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथील एका अभ्यासाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. तीव्र गोवराने रुग्णालयात दाखल झालेल्या १८९ मुलांपैकी काहींना ‘अ’ जीवनसत्त्व दिले, इतरांना दिले नाही. एकूण १२ मुले दगावली. त्यांपैकी १० जीवनसत्त्व न मिळालेल्या गटातील होती. आज गोवर झालेल्या प्रत्येक मुलास हे जीवनसत्त्व द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

येथे स्वतःची एक चूक सांगणे मला कर्तव्य वाटते. १९९४ साली मी एका वस्तीवरील शाळेत होतो. स्नेहसंमेलनाची तालीम संध्याकाळपर्यंत चाले. तिसरीतला एक मुलगा दिवस मावळला की अडखळे, दुसऱ्याचा हात धरून चाले. मी त्याला सर्वांदेखत ‘वेंधळा’ म्हणालो. पुढे दोन महिन्यांनी त्याला गोवर निघाला. रूढीप्रमाणे घरात फोडणी बंद झाली. तेल, डाळ, दूध सारे वर्ज्य झाले आणि आठवडाभर पोर नुसत्या पेजेवर राहिले. ते वाचले, पण उजव्या डोळ्यात कायमचे फूल पडले. रातांधळेपणाचे लक्षण माझ्यासमोर दोन महिने होते; शिक्षक असूनही मला ते वाचता आले नाही.

ही चूक पुन्हा कोणाकडून होऊ नये, यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. संध्याकाळी अडखळणारे, किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा ठिपका असलेले मूल दिसताच त्यास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

२. ताप, खोकला, वाहते नाक, लाल डोळे आणि पाठोपाठ पुरळ दिसल्यास आरोग्यसेविका वा आशाताई यांना कळवावे. पुरळ उठल्यापासून निदान चार दिवस मुलास शाळेत येऊ देऊ नये.

३. ‘अ’ जीवनसत्त्वाची मात्रा वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानेच द्यावी. हे जीवनसत्त्व शरीरात साचून राहते. त्याचा अतिरेक अपायकारक असतो.

४. पालकांच्या श्रद्धेचा उपहास करू नये. फोडणी नसली तरी चालेल, अन्न मात्र थांबता कामा नये, हे गोडीने पटवावे. मऊ वरणभात व त्यावर तूप, दूध, पिकलेली पपई थोडी थोडी पण वारंवार द्यावी. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध तोडू नये. आजार उतरल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण अधिक द्यावे.

५. शाळेच्या परसबागेत शेवगा, पालक, लाल भोपळा लावावा. पाल्यातील व भोपळ्यातील पोषक द्रव्य अंगी लागण्यास स्निग्धांश लागतो. म्हणून भाजीत चमचाभर तेल असावे.

एक खुलासा अवश्य केला पाहिजे. आहाराने विषाणू मरत नाही आणि उत्तम आहार घेणाऱ्या मुलालाही गोवर होऊ शकतो. त्यास रोखते ती लसच. ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान पहिली आणि १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा, ही दोन्ही टोचणे प्रत्येक बालकास मिळाली पाहिजेत. लस रोगाला दाराबाहेर ठेवते. तो आत शिरलाच तर त्याच्याशी झुंजण्याचे बळ आहार देतो.

गावात डॉक्टर रोज येत नाही, शिक्षक मात्र रोज येतो. मुलांचे चेहरे दररोज पाहणारा आपल्याइतका जवळचा माणूस दुसरा नाही. हजेरी घेताना नावाबरोबर चेहराही वाचावा, एवढीच विनंती आहे.